महिन्याच्या आढाव्यालाही पेपरात एक कोपरा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमचा पेपर कित्येक वर्षं वाचतेय पण पत्र पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या. डिसेंबर संपत आला की पुरवण्यांमधे सरत्या वर्षाचे आढावे येतात, वर्षातली पुस्तकं, वर्षातले सिनेमे, गाजलेले चेहरे, आणि ते मी अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. पण ते सगळं मोठ्या माणसांचं आणि मोठ्या गोष्टींचं असतं. साध्या वाचकाला गेल्या महिन्यात काय आवडलं, तो कुठे जाऊन आला, कुठली सवय लागली आणि कुठली मोडली, हे त्याला कोणी विचारत नाही. माझी विनंती एवढीच आहे की दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुरवणीत अर्धा कॉलम वाचकांच्या अशा महिनाभराच्या आढाव्यासाठी ठेवावा. का ते सांगते.

मी स्वतः सात वर्षं असा आढावा लिहितेय. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी अर्धा तास बसायचं आणि वहीचं एकच पान भरायचं, जास्त नाही. तीन मथळे ठरलेले आहेत: आवडलं, फिरणं, सवयी. पहिली दोन वर्षं हे सगळं मी मोबाईलमधे लिहायचे, मग एक दिवस मोबाईल बंद पडला तो पडलाच, बॅकअप घेतलेला नव्हता आणि चोवीस महिने एका झटक्यात गेले. त्या दिवशी मला जे वाईट वाटलं त्यावरून कळलं की ही नुसती टिपणं नव्हती. तेव्हापासून वही. वहीचा फायदा असा की ती शेल्फवर डोळ्यासमोर असते, येता जाता मागचं एखादं पान उघडलं जातं, मोबाईलमधलं जुनं मी तरी कधी उघडून बघितलं नव्हतं.

वर्षाचा आढावा असताना महिन्याचा कशाला असं माझ्या भावाने विचारलं होतं. मी त्याला म्हटलं, दादा, मागच्या फेब्रुवारीत तुला काय आवडलं होतं ते सांग. त्याला एकही गोष्ट सांगता आली नाही, आणि तो विसराळू अजिबात नाही. वर्षाच्या शेवटी मागे बघितलं की दिवाळीच्या अलीकडचं सगळं स्वच्छ दिसतं आणि त्याच्या पलीकडे एखादं लग्न, एखादं आजारपण, एखादी मोठी ट्रिप एवढंच उरलेलं असतं. हर्मन एबिंगहाऊस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली विसरण्याचं पहिलं मोजमाप छापलं, स्वतःवरच प्रयोग करून. अर्थ नसलेले शब्दांचे तुकडे पाठ करायचे आणि काही वेळाने तेच पुन्हा पाठ करताना किती मेहनत वाचते ते बघायचं, अशी त्याची पद्धत. एका तासातच निम्म्याहून जास्त फायदा गेलेला होता, पण पुढे घसरण मंदावली आणि एका महिन्यानंतरही साधारण एक पंचमांश शिल्लक होता. आता आपलं जगणं म्हणजे काही निरर्थक शब्दांची यादी नाही, त्याचे आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू करता येणार नाहीत हे मला समजतं. तरी सुरुवातीलाच सगळ्यात जास्त निसटतं हे मात्र माझ्या वहीने मला पाच वर्षं दाखवलंय. महिना हे माप मला म्हणूनच पटतं. रोजची डायरी दमवते, वर्षाला फार उशीर झालेला असतो, महिन्याच्या शेवटी मात्र अजून हाताला लागतं, आणि थोडं अंतरही पडलेलं असतं त्यामुळे कशाने खरंच आनंद झाला होता ते कळतं.

लिहायचं कसं हे मला एका डच माणसामुळे कळलं. विलेम वागेनार या मानसशास्त्रज्ञाने 1978 पासून सहा वर्षं रोज आपल्या आयुष्यातली एखादी घटना लिहून ठेवली, प्रत्येकीचे चार भाग करून: कोण, काय, कुठे, कधी. मग त्याने स्वतःचीच परीक्षा घेतली, एक भाग बघायचा आणि बाकीचं आठवतं का ते तपासायचं, आणि 1986 साली ते प्रसिद्ध केलं. "काय घडलं" हा धागा सगळ्यात जास्त कामाचा निघाला, कोण आणि कुठे हेही उपयोगी पडले, पण नुसती तारीख दिली तर जवळजवळ काहीच हाताला लागत नव्हतं. हे वाचल्यावर मी माझी पहिली पानं काढून बघितली. त्यात "12 तारीख, छान दिवस" असं लिहिलेलं होतं. कशामुळे छान, कोणासोबत, काही पत्ता नाही, तो दिवस माझ्यापुरता गेला तो गेलाच. त्याच्याच खाली एका ठिकाणी "बसचं टायर पंक्चर, दादा आणि मी चिंचेच्या झाडाखाली दीड तास, त्याने शाळेतल्या सरांची नक्कल केली" एवढं लिहिलंय आणि ते वाचलं की तो अख्खा दिवस उभा राहतो, ऊन, धूळ, ड्रायव्हरच्या खांद्यावरचा टॉवेल, सगळं. तेव्हापासून मी तारखेच्या मागे लागत नाही.

आता आवडलेल्या गोष्टींबद्दल. लोकांना वाटतं की महिन्याच्या आवडीनिवडी म्हणजे काय विकत घेतलं त्याची यादी. मीही सुरुवातीला तेच करायचे. पण मागे वळून वाचताना ती नावं वाचून काहीच होत नाही, ती वस्तू एकतर वापरून संपलेली असते किंवा कपाटात पडलेली असते. वाचायला गोडी लागते ती भलत्याच गोष्टींची. या महिन्यात मी लिहिलंय की लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात माझ्या आधीच्या कोणा वाचकाने पेन्सिलीने अगदी फिकट प्रश्नचिन्हं काढली होती आणि ती नेमकी मलाही जिथे शंका आली तिथेच होती, दोनशे पानं मी त्या अनोळखी माणसाच्या सोबतीने वाचली. समोरच्या भिंतीवर संध्याकाळी दहा मिनिटं जे ऊन येतं ते या महिन्यात खिडकीच्या चौकटीपर्यंत सरकलं तेही लिहिलंय. ब्लेडने टोक काढलेली पेन्सिल. शेजारची मुलगी सायकल शिकली, मागून धरणाऱ्या बाबांनी हात सोडला होता हे तिला कोपऱ्यापर्यंत माहीतच नव्हतं.

अशा बारीक गोष्टींना पुढे किंमत येते हे फक्त माझं म्हणणं नाही. हार्वर्डच्या टिंग झँग आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2014 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपल्या त्या वेळच्या साध्या गोष्टी नोंदवून ठेवायला सांगितलं होतं, अलीकडचं एखादं बोलणं, ऐकत असलेली गाणी वगैरे, आणि हे तीन महिन्यांनी वाचायला किती आवडेल याचा अंदाजही विचारला होता. तीन महिन्यांनी प्रत्यक्ष वाचताना त्यांना सरासरीने आपल्या अंदाजापेक्षा जास्त गोडी वाटली. याच अभ्यासात असंही दिसलं की साध्या दिवसाच्या बाबतीत आपला अंदाज खास दिवसापेक्षा जास्त चुकतो. खास दिवस लक्षात राहील हे आपल्याला माहीत असतं आणि तो राहतोही. मंगळवारची दुपार कोणी जपून ठेवत नाही, आणि नंतर तीच हवी असते.

फिरण्याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. पेपरातली प्रवासाची पानं मला आवडतात, पण ती वाचून असं वाटायला लागतं की लांब गेलं, उंच गेलं, महाग गेलं तरच प्रवास. माझ्या वहीत फिरण्याच्या मथळ्याखाली दरवेळी काहीतरी असतंच. या महिन्यात आम्ही तिघी मैत्रिणी तीन दिवस जाऊन आलो, आणि खरं सांगते, त्या तीन दिवसांतला सगळ्यात चांगला वेळ होता तो परतीच्या गाडीची वाट बघत प्लॅटफॉर्मवर घालवलेला. गाडी चार तास लेट होती, मोबाईल एकेक करून बंद पडले, आणि कॉलेजनंतर पहिल्यांदाच आम्ही एकमेकींना नीट विचारलं की तू खरंच बरी आहेस का. एकीने जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही, वहीतही फक्त "प्लॅटफॉर्म, बाक, तिघी" एवढंच लिहिलंय. मला तेवढं पुरतं.

नेदरलँड्समधे 1530 लोकांवर केलेला एक अभ्यास 2010 साली आला होता, त्यात सुट्टीला जाणारी माणसं जाण्याच्या आधी न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी दिसली, पण परत आल्यावर बहुतेकांच्या बाबतीत काही फरक उरला नाही, ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली होती त्यांच्यातच तो थोडा टिकला. म्हणजे बराचसा आनंद वाट बघण्यात असतो. हे वाचल्यापासून मी फिरण्याच्या खाली एक ओळ पुढच्या महिन्यासाठी सोडते, कुठे जायचं मनात आहे ते लिहिते, आणि ती ओळ महिनाभर मला पुरते, मग ते जाणं नदीपर्यंतचं का असेना. फोटोंचंही तसंच. अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल यांनी म्युझियममधे प्रयोग केला होता, ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या, मात्र झूम करून एखाद्याच भागाचा फोटो काढला तेव्हा आठवण कमी झाली नाही. मी आता पूर्ण देखाव्याचे वीस फोटो काढत नाही, एखादी कडी, एखादा दगड, कोणाचा तरी हात, असा एकच काढते आणि बाकीचं डोळ्याने बघते.

पण ही सगळी वही मला नवीन करून दाखवली ती माझ्या मावशीने. मावशी 83 वर्षांची आहे, दीड वर्षापूर्वी बाथरूममधे पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून ती वॉकर घेऊन चालते. डोळ्यांनी आता वाचता येत नाही. मी तिच्याकडे गेले की माझं महिन्याचं पान तिला वाचून दाखवायचे, चार-पाच महिने तिने ऐकलं आणि एकदा म्हणाली, "तुझंच किती ऐकायचं गं, माझं पण लिही की." मी वही घेऊन बसले. आवडलं लिहून झालं, सवयी लिहून झाल्या, फिरण्याच्या मथळ्यापाशी मी अडखळले आणि तो सोडून पुढे जायला लागले. तिने लगेच ओळखलं. म्हणाली, "का, मी फिरत नाही का? पलंगापासून गॅलरीपर्यंत अठरा पावलं आहेत. या महिन्यात अठ्ठावीस वेळा गेले. लिही." मी लिहिलं. लिहिताना मला रडू येत होतं आणि तिला ते कळू नये म्हणून मी खाली बघून लिहीत राहिले.

मधे एकदा रेडिओवर कोणीतरी रोज दहा हजार पावलं चाला म्हणून सांगितलं ते ऐकून ती दोन दिवस गप्प होती. माझे अठरा कुठे आणि ते दहा हजार कुठे, असं म्हणाली. मग मी शोधून तिला वाचून दाखवलं की हा आकडा मुळात डॉक्टरांनी मोजून काढलेला नाहीच, 1965 साली जपानमधे पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं त्याचं नाव मानपो-केई होतं, म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर, आणि तिथून तो आकडा जगभर गेला. चालणं चांगलंच, त्याबद्दल वाद नाही, पण अठरा पावलांना कमी लेखायचं काही कारण नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच वॉकर मागितला.

सवयींच्या बाबतीतही हेच. सगळीकडे 21 दिवसांत सवय लागते असं सांगतात. तेही तपासलं तर 1960 साली मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने आपल्या पेशंटबद्दल लिहिलं होतं, बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात, त्यातला "निदान" गळून गेला आणि 21 तेवढा राहिला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधे फिलिपा लॅली यांनी 96 जणांचा बारा आठवडे अभ्यास केला, तिथे सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागलेले दिसले, पण माणसामाणसात फरक केवढा, कोणाला 18 तर कोणासाठी 254 दिवसांचा हिशेब निघाला. त्यातली मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं बिघडत नव्हतं. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, "एक दिवस चुकला तर चालतं ना नक्की?" कारण पाय दुखला की तिचं गॅलरीत जाणं राहायचं आणि मग आता काय उपयोग म्हणून ती पुढचे चार दिवसही जायची नाही. आता ती चुकलेला दिवस सरळ सांगते, मी लिहिते, आणि दुसऱ्या दिवशी ती उठते.

माझ्या स्वतःच्या सवयींमधे या वर्षी एकच टिकली, रात्री मोबाईल झोपायच्या खोलीत न नेण्याची. निश्चय वगैरे करून ती तीनदा मोडली होती, टिकली ती चार्जरच बाहेरच्या खोलीत कायमचा लावून टाकल्यावर. सकाळी व्यायाम मात्र नाही झाला, सलग नऊ महिने वहीत "नाही" असंच आहे. बेंजामिन फ्रँकलिननेही असंच करून बघितलं होतं, तेरा गुण निवडले, एका छोट्या वहीत रकाने आखले, दर आठवड्याला एका गुणाकडे खास लक्ष द्यायचं आणि चुकलं की काळा ठिपका द्यायचा, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. आत्मचरित्रात त्याने मोकळेपणाने लिहिलंय की आपल्यात वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दोष निघाले आणि व्यवस्थितपणाने तर सगळ्यात जास्त त्रास दिला. तरीही ते ठिपके कमी होताना बघण्याचं समाधान त्याला मिळालं. नऊ वेळा "नाही" लिहिल्यामुळे मलाही निदान एवढं कळलं की सकाळ ही माझी वेळ नाही, दहाव्या महिन्यापासून मी संध्याकाळी चालायला लागले.

म्हणून हा अर्धा कॉलम मागतेय. माझ्या मनात तो कसा आहे तेही लिहिते, पटलं तर बघा. दीडशे शब्दांच्या आत असावा. विकत घेतलेल्या वस्तूंची नावं नकोत. न जमलेली एक तरी गोष्ट त्यात असावी, नाहीतर तो मिरवण्याचा कार्यक्रम होईल आणि वाचणाऱ्याला आपलं आयुष्य फिकं वाटायला लागेल, ते तर मोबाईलवर दिवसभर चालूच असतं. बक्षीस आणि स्पर्धा नको, ही कळकळीची विनंती आहे, बक्षीस आलं की माणसं महिना जगायच्या आधीच तो कसा लिहायचा ते ठरवतील. आणि पोस्टाने आलेलं हाताने लिहिलेलं पत्र घ्यावं, कारण ज्यांचे आढावे मला वाचायचे आहेत त्यातल्या बऱ्याच जणांना ईमेल करता येत नाही. रात्रपाळी करणारा वॉचमन, बाळंतपणात घरात असलेली मुलगी, नुकता रिटायर झालेला माणूस, हॉस्टेलवरचा पोरगा, यांचा महिना कसा गेला हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

सुरुवात म्हणून मावशीचं या महिन्याचं पान तिच्या परवानगीने पाठवतेय. तिने सांगितलं तसंच लिहिलंय, माझा एकही शब्द नाही. छापलंत तर त्या रविवारी मी ते तिला वाचून दाखवेन.

"आवडलं: पहाटे कोणीतरी खालून शीळ घालत जातो, कोण ते माहीत नाही, सूर पक्का आहे. नवीन गादी. धाकट्या नातवाचा आवाज फुटला, फोनवर ओळखलाच नाही, दोनदा विचारलं कोण बोलतंय.

फिरणं: गॅलरी, एक्केचाळीस वेळा. एकदा दारापर्यंत. दार उघडून बाहेर उभी राहिले, जिन्याचा वारा लागला.

सवयी: गोळ्या वेळेवर. पायाचे व्यायाम सहा दिवस चुकले, दुखत होतं. रात्री रागावून झोपायचं नाही असं ठरवलं होतं, तीनदा रागावून झोपले.

पुढच्या महिन्यात: जिन्याची पहिली पायरी."

आपली,
एक वाचक